फळ्यावरची तिसरी ओळ

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉलचा इतिहास परवापर्यंत दोन ओळींत मावत होता. नेरूळच्या आमच्या जिमखान्यात शिरलं की डाव्या हाताला लाकडी फळा दिसायचा. वर मोठ्या अक्षरांत 'मुख्य प्रशिक्षक', खाली पिवळ्या रंगात प्रा. जयप्रकाश टिपणीस, १९८९ ते २००१, आणि त्याखाली अभिराम केळुसकर, २००१ पासून. हा केळुसकर म्हणजे मी. माझ्या नावापुढचं शेवटचं वर्ष कोरं होतं, कारण मी अजून खुर्ची सोडलेली नव्हती. ट्रस्टचा नियम असा की प्रशिक्षक बदलला तरच पेंटर येणार. एरवी फळ्याला कुणी हात लावायचा नाही. एकदा माझ्या नावातला काना उडाला होता, तो मी स्टुलावर चढून गुपचूप स्केचपेनने भरला.

गेल्या नोव्हेंबरात नवा बंदिस्त हॉल जवळजवळ तयार झाला आणि फळा तिकडे हलवायचं ठरलं. तो उतरवून भिंतीला टेकवून ठेवला होता. मुलींची प्रॅक्टिस सुटल्यावर मनस्वी घरत माझ्यापाशी आली. एस.वाय.ची मुलगी, जासईहून येते, डाव्या हाताने सुरेख बॉल टाकते. मागे तिच्या तीन मैत्रिणी उभ्या होत्या, म्हणजे काहीतरी पैज लागलेली असणार.

"सर, आमचे आजोबा इथे कोच होते ना?"

मी म्हटलं, "गप्पा पुरे. पाच राउंड मार."

तिने मारले. मैत्रिणी हसल्या. मला माझी लाज वाटली, पण ती लाज नवीन नव्हती. पंचवीस वर्षं ती माझ्याकडे बिनभाड्याने राहते आहे.

मनस्वीचे आजोबा म्हणजे नामदेव पोशा घरत. कॉलेजच्या कागदोपत्री ते ग्राउंडमन होते. त्यांची शेती नव्या शहरासाठी गेली, त्या बदल्यात घरटी एक नोकरी म्हणून ते इकडे लागले. काम काय, तर मैदान झाडायचं, जाळ्या बांधायच्या, कोर्टाच्या रेषा रंगवायच्या. शिक्षण नववी. बास्केटबॉल त्यांनी आधी कधी पाहिलेला नव्हता. पण रेषा आखायच्या म्हणून त्यांनी नियमांचं पुस्तक मागून घेतलं आणि ते इंग्रजीत होतं म्हणून मुलांकडून ओळन् ओळ वाचून घेतलं. दोरीने मोजून कोर्ट आखता आखता त्यांना तो खेळ पायांकडून कळत गेला, असं मी नेहमी म्हणतो. जासईच्या संघातून ते कबड्डी खेळलेले होते. बचाव कसा करायचा, समोरच्याच्या छातीकडे न बघता कमरेकडे का बघायचं, हे त्यांनी आम्हाला कबड्डीतून शिकवलं. एका श्वासात 'कबड्डी कबड्डी' म्हणत या टोकापासून त्या टोकापर्यंत पळायला लावायचे. ज्याचा दम मध्येच तुटला त्याने परत सुरुवातीला जायचं.

टिपणीस सर शारीरिक शिक्षणाचे प्राध्यापक. माणूस सज्जन, पण बॉल हातात आला तर तो आता कुठे ठेवायचा या विवंचनेत पडणारा. संघाचे प्रशिक्षक म्हणून विद्यापीठाला डिप्लोमा असलेला माणूस लागायचा, तो सरांकडे होता. त्यामुळे कागदावर सर आणि मैदानावर नामदेवदादा, अशी आमची बारा वर्षं चालली. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मी कॅप्टन होतो तेव्हा सामन्याआधी संघाची यादी मीच भरायचो आणि प्रशिक्षकाच्या रकान्यात माझ्याच अक्षरात सरांचं नाव लिहायचो. सर सही करायचे आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे निघून जायचे.

आता या खेळात एक नियम आहे. सामना चालू असताना बाकाजवळ उभं राहून सूचना द्यायची मुभा फक्त प्रशिक्षकाला असते. बाकीच्यांनी बसून राहायचं. नामदेवदादा आमचे पाणी देणारे, त्यामुळे ते बसलेले. एकदा न राहवून उठले तर पंचांनी सगळ्यांदेखत दटावलं आणि दंड म्हणून समोरच्या संघाला फ्री थ्रो दिला. त्यानंतर त्यांनी उठणं सोडलं. टॉवेलची भाषा त्यांनी काढली ती तेव्हाच. टॉवेल डाव्या खांद्यावर, म्हणजे ज्याने त्याने आपापला माणूस धरायचा. उजव्या खांद्यावर, म्हणजे आपापली जागा राखायची. डोक्यावर, म्हणजे घाई नको, बॉल फिरवत राहा. मांडीवर घडी घातली की चढाई. पंचांना वाटायचं, या पाणीवाल्याला फार घाम येतो. या टॉवेलवर आम्ही अठ्ठ्याण्णव साली विद्यापीठाचा करंडक आणला. करंडकासोबतच्या फोटोत मध्यभागी टिपणीस सर आहेत आणि कडेला अर्धं कोपर दिसतं, ते दादांचं.

दोन हजार एक साली सर निवृत्त झाले. जागा निघाली. अट होती डिप्लोमा, किंवा दहा वर्षांचा अनुभव. आणि त्या अनुभवाच्या दाखल्यावर आधीचे प्रशिक्षक आणि करंडक जिंकलेला कॅप्टन यांची सही. ही दुसरी वाट कुणीतरी दादांसाठीच मुद्दाम ठेवली असावी. मी तेव्हा पतियाळाहून डिप्लोमा घेऊन नुकताच परत आलो होतो, ऐरोलीला आईवडिलांकडे बसून होतो. अर्ज मीही टाकला होता. ते दादांना माहीत नव्हतं.

एका रविवारी दादा आमच्या घरी आले. आईसाठी पिशवीतून जिवंत चिंबोऱ्या आणल्या होत्या, त्यांच्या नांग्या दोऱ्याने बांधलेल्या. मला अनुभवाचा दाखला दाखवला. टाइप केलेला एकच कागद होता : श्री. नामदेव पोशा घरत यांनी सलग बारा वर्षे संघास प्रत्यक्ष प्रशिक्षण दिले असून सर्व यश त्यांच्या मार्गदर्शनाखाली मिळाले आहे. खाली टिपणीस सरांची सही. हो, सरांची. ज्यांना आम्ही आयुष्यभर हसलो त्या माणसाने स्वतःच्या नावावरची बारा वर्षं एका सहीने सोडून दिली होती. शेजारची जागा कॅप्टनसाठी मोकळी होती.

दादा म्हणाले, "अभी, तुजी सही झाली का झाला माजा काम."

मी म्हटलं, ठेवून जा, नीट वाचतो आणि सही करून आणून देतो. पेन माझ्या खिशात होतं. दादांनी चहा घेतला, आईला चिंबोऱ्या कशा साफ करायच्या ते समजावलं आणि गेले. समितीची बैठक शुक्रवारी होती. सोमवार गेला, मंगळवार गेला. बुधवारी त्यांनी शेजाऱ्यांच्या फोनवर फोन केला तेव्हा मी घरी नाही, असं आईला खुणेने सांगायला लावलं. शुक्रवारी दादांचा अर्ज अपुरा ठरला आणि माझा पुरा.

मी खोटं लिहिलं नाही, खोटं बोललो नाही. फक्त सही केली नाही. इतकी वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलो आणि इतक्या वर्षांत एकदाही ते मला पटलं नाही.

सोमवारी मी रुजू झालो. दादा कोर्टावर रेषा रंगवत होते. मला बघून ब्रश डब्यात ठेवला, हात पॅन्टला पुसले आणि म्हणाले, "या सर." अभी नाही, तू नाही. त्या दिवसापासून निवृत्त होईपर्यंत त्यांनी मला एकदाही अभी म्हटलं नाही. बोलण्यात टोमणा नव्हता, राग नव्हता. दाखल्याचा विषयही कधी काढला नाही. त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या तर मी तरी सुटलो असतो.

तर मनस्वीला पाच राउंड मारायला लावल्यानंतर दोन दिवसांनी मी प्राचार्यांकडे गेलो. गीतांजली मॅडम सरळ बाई आहेत. मी म्हटलं, फळा हलतोच आहे तर त्यावर नामदेव घरतांचं नाव यायला हवं. सगळ्यांना माहीत आहे की संघ त्यांनीच घडवला. मॅडमनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या की सगळ्यांना माहीत आहे एवढ्यावर ट्रस्ट फळ्याला हात लावू देणार नाही. त्या काळातला सहीचा एखादा कागद असेल तर द्या, त्या मीटिंगमध्ये मांडतील.

मी म्हटलं, बघतो.

बघायचं काय होतं? कागद माझ्या कपाटात होता, घराच्या कराराच्या फायलीत, प्लॅस्टिकच्या पाकिटात. फाडायचं धाडस मला झालं नव्हतं, बाहेर काढायचंही नाही. तो कागद दिला असता तर पहिला प्रश्न आला असता की इतकी वर्षं हा कुठे होता. म्हणून मी डोकं चालवलं. कोचचं डोकं आडवाटेला फार झकास चालतं.

सव्वीस जानेवारीला नव्या हॉलमध्ये पहिला सामना होणार होता, वाशीच्या कॉलेजबरोबर, मुलींचा. त्या सामन्यापुरतं मुख्य प्रशिक्षक म्हणून नामदेवदादांचं नाव द्यायचं, मी सहायक. स्कोअरशीटवर त्यांची सही आली की तो झाला कागद. प्रशिक्षक बदलला म्हणजे पेंटरही येणार. कुणी जुनं काही विचारणार नाही. मॅडमना सांगितलं तर त्या हसल्या, नियमात बसतं म्हणाल्या. माझा जीव भांड्यात पडला.

जासईला मी स्कूटरवर गेलो. दादांच्या घरासमोर पूर्वी भाताची खाचरं होती, आता एकावर एक चार-चार कंटेनर चढवलेले आहेत. अंगणातल्या विजेच्या खांबाला जाळी नसलेली एक रिंग ठोकली आहे. मनस्वी त्यावर शिकली. दादा बाहत्तरचे झालेत, काठी घेऊन चालतात, पण नजर तीच, आधी कमरेकडे बघणारी. त्यांच्या बायकोने, पुतळाबाईंनी, चहा आणला आणि मी काही बोलायच्या आत त्यांनीच सुरुवात केली. गावात दादा कॉलेजात कोच होते असं सांगतात तर पोरं हसतात, म्हणतात, तुमी तं पानी द्यायचे. नातीलाही कॉलेजात तेच ऐकावं लागतं.

"एकदा फल्यावर नाव लागू दे," त्या म्हणाल्या, "मंग मी बगतें एकेकाला."

सव्वीस तारखेचं सांगितल्यावर दादा कपाकडे बघत बसले. मग विचारलं, "उबा र्‍हाता येल?"

मी म्हटलं, हो, तुम्ही मुख्य प्रशिक्षक, उभं राहायचा हक्क तुमचाच.

"मंग येतंव," ते म्हणाले.

सव्वीसला झेंडावंदन झालं आणि दादा हॉलमध्ये आले. पांढरा शर्ट, नवी चप्पल, खांद्यावर टॉवेल. स्कोअररच्या टेबलापाशी सही करायच्या आधी त्यांनी पहिल्या पाच खेळाडूंच्या नावांपुढे फुल्या मारल्या, तशा मारायच्या असतात. मनस्वीच्या नावापुढे मारली नाही. मी चकित झालो. ते म्हणाले, तिचा उजवा घोटा दुखतोय, ती लपवते आहे. मी रोज तिला बघतो, मला दिसलं नव्हतं. मग त्यांनी सही केली, पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, रकान्याच्या बाहेर जाऊन.

सामना सुरू झाला. तिसऱ्याच मिनिटाला आमच्या मुली विखुरल्या. दादांनी काठी धरली, अर्धे उठले. आणि तिथेच थांबून त्यांनी पंचांकडे बघितलं. पंच पंचविशीतला मुलगा होता, त्याचं लक्षही नव्हतं. दादा परत बसले.

"दादा, उभे राहा. तुम्हाला परवानगी आहे."

"र्‍हाऊ दे सर. आता बसूनच जमतं."

मग टॉवेल उजव्या खांद्यावर गेला. आपापली जागा राखा. मला लख्ख कळलं, पण कोर्टावर एकीलाही कळलं नाही. कळणार कसं? चोवीस वर्षांत मी कुणाला टॉवेल शिकवलाच नव्हता. मला गरज काय होती, मी उभा राहून ओरडू शकत होतो. मुली बाकाकडे बघायच्या, त्यांना एक म्हातारा घाम पुसताना दिसायचा. टॉवेल डोक्यावर गेला, घाई नको, आणि मुलींनी घाई केली. मांडीवर घडी पडली, चढाई करा, आणि त्या मागे सरकल्या. नियम आता सैल झाला आहे, प्रशिक्षक बसलेला असताना सहायकाला उभं राहता येतं. मी उठून सगळं ओरडून सांगू शकलो असतो. पण आज त्यांचा दिवस, मी मध्ये कशाला, म्हणून मी हात बांधून बसलो. मोठा आदर दाखवत होतो. गरज होती तेव्हा सही दिली नाही आणि आता आवाज दिला नाही, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे सभ्य कारण होतं.

आम्ही तीन पॉइंटनी हरलो. दादांनी प्रत्येक मुलीच्या पाठीवर थाप मारली आणि टॉवेलची घडी करून पिशवीत ठेवली.

पुढच्या आठवड्यात पेंटर आला. त्या दिवशी मी मुद्दाम हॉलकडे फिरकलो नाही. मॅडमना मी फक्त नाव लावा म्हटलं होतं, वर्षं कुठली ते बोललोच नव्हतो. बोललो असतो तर कागद आला असता. शनिवारी मनस्वी आजोबांना घेऊन फळा बघायला आली, मलाही बोलावलं. तिसरी ओळ ताज्या पिवळ्या रंगात चमकत होती, माझ्या नावाच्या खाली : नामदेव पोशा घरत, २६ जानेवारी २०२६.

दादांनी खिशातून चष्मा काढला. वरपासून वाचलं, टिपणीस, केळुसकर, मग स्वतःचं. मग परत वरपासून. १९८९ ते २००१ या आकड्यांवर त्यांची नजर थोडी जास्त थांबली.

"येकच म्याच खेलवली," दादा म्हणाले, "आनि ती बी हरलो."

ते हसत होते. खरंच हसत होते, आणि ते मला रागवण्यापेक्षा कितीतरी वाईट वाटलं. मनस्वी हसली नाही. ती फळ्याकडे बघत होती आणि मग माझ्याकडे. आजोबांना म्हणाली, आजीला दाखवायला फोटो काढू. दादा फळ्याखाली उभे राहिले, काठी मागे लपवली आणि मला हाताने बोलावलं.

"या सर, तुमी पन या."

मी गेलो. फोटोत आम्ही दोघंही ताठ उभे आहोत.

त्या दुपारी मी ऐरोलीला घरी गेलो, कपाटातली फाइल काढली आणि प्लॅस्टिकच्या पाकिटातून तो कागद बाहेर काढला. घड्या जिथे होत्या तिथे तो पिवळा पडला होता. टिपणीस सरांची सही मात्र अजून निळीशार होती. सर जाऊन अकरा वर्षं झाली. त्यांच्या शेजारच्या मोकळ्या जागेत मी सही केली आणि खाली त्याच दिवसाची तारीख घातली. दोन हजार एकची घालायचा मोह झाला होता, तो आवरला.

सोमवारी मॅडमनी कागद वाचला, उलटा करून मागे बघितलं, परत वाचला. मग विचारलं, "हा इतकी वर्षं कुठे होता?"

"माझ्याकडे."

मला वाटलं होतं ओरडतील. त्या एवढंच म्हणाल्या की हा कागद मीटिंगमध्ये मान्य होईल, यात शंका नाही. दादांचं नाव बारा वर्षांसकट वर लागेल. पण आत्ताच पेंटर येऊन गेला आहे, आणि ट्रस्टचा नियम मला माहीतच आहे. आता तो प्रशिक्षक बदलेल तेव्हाच येईल. माझ्या निवृत्तीला किती वर्षं आहेत, त्यांनी विचारलं.

दहा, मी सांगितलं. दादा तेव्हा ब्याऐंशीचे असतील.

मॅडम खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर जुन्या कोर्टावर मुली एका श्वासात पळत होत्या. तो सराव मात्र मी चालू ठेवला होता, तो कुणाचा आहे हे न सांगता. मी त्यांच्या टेबलावरचा एक कोरा कागद ओढला आणि खिशातलं पेन काढलं. राजीनामा चार ओळींचाच होता. सही करायला मला अजिबात वेळ लागला नाही.